गुरूच्या दारातून माघारी फिरताना

मैत्रिणींनो, गेल्या श्रावणातल्या एका गुरुवारची गोष्ट. दिवेलागणीची वेळ होती. तुळशीपाशी दिवा ठेवून मी आत येतेय तोच फाटकाची कडी वाजली. बघते तर आमच्या भिंगारचीच, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी एक सून. वय असेल पस्तीस-छत्तीस. पदराआड काहीतरी झाकून आणलेलं. आत आली, खुर्चीच्या कडेवर टेकली आणि पाण्याला हातही न लावता म्हणाली, "काकू, एक विचारू? देवघरातला फोटो काढून ठेवला तर पाप लागतं का हो?"

पदराखाली फोटोच होता. काचेवर गंधाचे जुने डाग, चौकटीला चंदनाचा हार. तिच्या महाराजांचा फोटो. कुठले महाराज, ते इथे सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण मला सांगायचं आहे ते महाराजांबद्दल नाही, तिच्याबद्दल आहे.

नऊ वर्षं ती त्या मंडळात होती. पहिलं बाळ गेलं तेव्हा कुणीतरी तिला तिथे घेऊन गेलं. त्या दिवसांत तिथे तिला खरोखर आधार मिळाला, हे ती आजही नाकारत नाही. पहाटेचा जप, गुरुवारचा उपास, महिन्यातून एकदा मुक्कामी सेवा. मग हळूहळू विचारल्याशिवाय माहेरी जायचं नाही, विचारल्याशिवाय दागिना मोडायचा नाही, असं सुरू झालं. शेवटी धाकट्या मुलीला ताप भरला, तेव्हा डॉक्टरकडे न्यायला "आधी विचारून घेऊ" म्हणत दीड दिवस गेला. पोर वाचली. पण आईच्या मनात काहीतरी तुटलं. पुढच्या गुरुवारी मंडळाची गाडी यायच्या आत ती दाराला कुलूप लावून, मुलीला काखोटीला मारून माहेरी निघून गेली. पळूनच गेली म्हणा ना!

"आता सुटले असं वाटायला हवं ना, काकू? मग रोज पहाटे साडेचारला जाग येते आणि रडू का येतं?"

तिच्या या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला तेव्हा पटकन सुचलं नाही. ते आज तुमच्यापुढे मांडते आहे.

पळून जाणारे आपल्याच जिल्ह्यातले

आमचं भिंगार म्हणजे नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, चिकटलेलं छावणीचं गाव. इथून एका अंगाला दौंड रस्त्यावर अरणगाव, तिथलं मेहेर बाबांचं मेहेराबाद. दुसऱ्या अंगाला मनमाड रस्ता धरला की राहुरी, कोल्हार, राहाता करत शिरडी. राहात्याजवळच साकोरी. भक्तांच्या गाड्या आमच्या दारावरून जात-येत असतात. गुरू भेटला याच्या कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण गुरूपासून पळून गेलेल्याची कथा कुणी सांगत नाही. आणि ती तर याच मनमाड रस्त्यावर घडलेली आहे!

काशीनाथ गोविंद उपासनी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. हेच पुढचे साकोरीचे उपासनी महाराज. जन्म १८७० चा, नाशिक जिल्ह्यातल्या सटाण्याचा. घराणं शास्त्री-पंडितांचं. आयुर्वेद शिकून त्यांनी अमरावतीला वैद्यकी केली, चांगला जम बसवला. मग ग्वाल्हेर संस्थानात जमिनीच्या व्यवहारात पैसा घातला आणि तो बुडाला. पुढे योगसाधना करताना श्वासाचा असा विकार जडला की वैद्य असून स्वतःला बरं करता येईना. उपाय शोधत फिरता फिरता कुणीतरी शिरडीच्या साईबाबांचं नाव सुचवलं. फकिराकडे जायला या कर्मठ ब्राह्मणाचं मन आधी तयार नव्हतं. तरी १९११ च्या जूनअखेरीस ते शिरडीला पोचले.

पोचले आणि लगेच निघायची घाई! साईबाबांनी सांगितलं, जायचं तर जा, पण आठ दिवसांत परत ये. परत यायचं नाही असं मनाशी ठरवूनच हे निघाले. गावोगाव भटकले. आठ दिवस संपत आले तेव्हा बघतात तर आपण कोपरगावातच, शिरडीपासून हाकेच्या अंतरावर! शिरडीला निघालेल्या मंडळींनी त्यांनाही सोबत घेतलं आणि आठव्या दिवशी स्वारी पुन्हा बाबांपुढे हजर.

मग बाबांनी त्यांना खंडोबाच्या देवळात राहायला सांगितलं. तेव्हा ते देऊळ गावाबाहेर, एकाकी. साप-विंचवांचा वावर. काम काय? काहीच नाही. चार वर्षं नुसतं गप्प बसून राहायचं. मैत्रिणींनो, आपल्याला चार दिवस नुसतं बसायला सांगितलं तर जीव जाईल. हे तर कर्ते पुरुष, विद्वान वैद्य.

इथे एक गोष्ट मला थांबून सांगावीशी वाटते, कारण चरित्रं तिच्यावरून भरभर पुढे जातात. त्यांची पत्नी घरी होती. तिसरी पत्नी, कारण आधीच्या दोघी वारल्या होत्या. नवरा आज येईल, उद्या येईल म्हणून ती वाट बघत राहिली. शिरडीला येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं, तोच १९१२ च्या सुरुवातीला ती गेल्याची बातमी आली. गुरुशिष्यांच्या नात्याचं मोल पुष्कळदा घरी थांबलेलं माणूस चुकवत असतं. हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

गुरूचं प्रेमही जड होतं तेव्हा

आता तुम्ही म्हणाल, साईबाबांनी त्यांना छळलं असेल. तसं नाही, उलटच झालं. बाबा सगळ्यांदेखत म्हणत, हा माझा आहे, याला मी सगळं दिलं. १९१३ च्या गुरुपौर्णिमेला त्यांनी चंद्राबाई बोरकर या आपल्या भक्तिणीला खंडोबाच्या देवळात पाठवलं, जाऊन उपासनींची पूजा कर म्हणून. हे ओरडले, नको नको म्हणाले. पण बाईंना बाबांची आज्ञा होती. त्यांनी पूजा केलीच.

विचार करा. ज्याचा श्वास धड चालत नाही, ज्याची बायको नुकती गेली, ज्याला अन्न गोड लागत नाही, त्याच्या पायावर फुलं! भोवतालच्यांना हेवा वाटू लागला. नव्या माणसाला एवढं का, ही कुजबुज. नानावली नावाचा एक तऱ्हेवाईक भक्त तर त्यांना फार त्रास देई, असं चरित्रात आहे. एकीकडे न झेपणारा मान, दुसरीकडे अपमान, आणि मध्ये काहीही न करता बसून राहायचं.

शेवटी १९१४ च्या जुलैत, चार वर्षांची मुदत पुरी व्हायला जवळजवळ वर्ष उरलेलं असताना, एका रात्री उपासनी शिरडीतून गुपचूप निघून गेले. गुरूचा निरोप घेतला नाही.

घेता आलाच नसता! ज्याच्यापुढे आपलं 'नाही' टिकत नाही, त्याला विचारून कुणी निघत नाही. म्हणून तर असे लोक रात्रीचे निघतात, किंवा मंडळाची गाडी यायच्या आत कुलूप लावतात. माझ्या शेजारणीला स्वतःची सगळ्यांत जास्त लाज याचीच वाटत होती. "सांगून यायला हवं होतं, चोरासारखी आले," असं ती म्हणत होती. मी तिला म्हटलं, "अगं, सांगायला गेली असतीस तर राहिली असतीस."

पुढे काय झालं?

उपासनी नागपूरकडे गेले, तिथून पार बंगालात खरगपूरला. तिथे सफाई कामगारांच्या वस्तीत राहिले. शास्त्र्यांच्या घराण्यातला माणूस, त्या काळात! तिथेही लोक शोधत आलेच. पुढे ते फिरून याच मुलखात आले. शिरडीलाही आले. पण शिरडीत राहिले नाहीत. १९१७ मध्ये शिरडीपासून अवघ्या पाचेक किलोमीटरवर, साकोरीच्या स्मशानाजवळच्या जागेत त्यांनी मुक्काम केला आणि १९४१ च्या डिसेंबरात देह ठेवेपर्यंत साकोरी हेच त्यांचं घर झालं.

हे अंतर मला फार बोलकं वाटतं. जवळ, पण त्याच छपराखाली नाही. नातं तोडलं नाही, नात्यातली जागा बदलली. साईबाबांना त्यांनी जन्मभर गुरूच मानलं. साकोरीहून त्यांची प्रवचनं निघाली, त्या मासिकाचं नाव होतं 'साईवाक्सुधा'. म्हणजे पळून गेलेल्या शिष्याच्या बोलण्यावर नाव गुरूचं.

पण थांबा. एवढ्यावर गोष्ट संपवली तर तुम्ही म्हणाल, म्हणजे शेवटी गुरूच खरा, पळणाऱ्याने केव्हातरी परत यावंच. तसं मुळीच नाही. याच रस्त्यावरून उलट्या दिशेने गेलेला एक माणूस आहे.

उपासनी महाराजांचं इंग्रजी चरित्र लिहिलं ते बी. व्ही. नरसिंहस्वामींनी. मद्रासकडचे सेलमचे नामांकित वकील. १९२१ मध्ये त्यांची दोन मुलं विहिरीत बुडून गेली. त्या दुःखाने माणूस संसारातून उठला आणि भटकत भटकत साकोरीला आला. उपासनींपाशी राहिला, मनोभावे चरित्र लिहिलं. पण १९३० नंतरच्या त्या वर्षांत साकोरीतल्या प्रथांवर, विशेषतः तिथल्या कन्यांच्या व्यवस्थेवर, वर्तमानपत्रांतून कडक टीका होत होती. नरसिंहस्वामींचंही मन विटलं. ज्याचं चरित्र आपण आपल्या हाताने लिहिलं, त्यालाच सोडून ते निघाले. पुढे १९३६ मध्ये शिरडीच्या समाधीपाशी त्यांना हवं ते सापडलं. दक्षिणेत घरोघरी साईबाबा पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा. उपासनींकडे मात्र ते शिष्य म्हणून परत गेले नाहीत. उलट आपल्या पुढच्या पुस्तकात त्यांच्याबद्दल परखड लिहिलं.

एकाच पाच किलोमीटरच्या वाटेवर दोन माणसं पळाली. एकाचं नातं टिकलं, दुसऱ्याचं संपलं. दोघांचंही वाईट झालं नाही. दोघांनाही शाप लागला नाही, की त्यांची भक्ती आटली नाही. मला एवढंच सांगायचं आहे.

आणखी एक हकिगत, आमच्या भिंगारच्या अगदी जवळची. मेहेराबादचे मेहेर बाबा तरुणपणी, मेहेरवान असताना, १९२१ मध्ये साकोरीला सहा महिने उपासनींपाशी राहिले होते. तिथून निघाल्यावर जवळजवळ वीस वर्षं या दोघांची भेट नाही. भेटले ते १९४१ च्या ऑक्टोबरात, दहिगावच्या एका झोपडीत. त्यानंतर दोनच महिन्यांत उपासनी गेले. हे काही पळून जाणं नव्हतं. पण सांगण्याचं कारण असं की खऱ्या नात्याला वीस वर्षांचं अंतरही सोसतं. चार गुरुवार आला नाहीस तर वाटोळं होईल, अशी धमकी त्याला द्यावी लागत नाही.

रडू का येतं?

आता त्या पहाटेच्या रडण्याकडे येऊ. अशा नात्यातून बाहेर पडलेल्या बायकांशी मी नंतर मुद्दाम बोलले. प्रत्येकीची हकिगत निराळी, पण क्रम बराचसा सारखा.

पहिले आठ-पंधरा दिवस हलकं वाटतं. दुपारी निवांत झोप लागते. मग रितेपण येतं. गुरुवार येतो आणि हात रिकामे राहतात. ज्या बायकांबरोबर नऊ वर्षं भाजी चिरली, त्या भाजीबाजारात तोंड फिरवतात. मग भीती. दूध नासलं तरी वाटतं, त्यामुळेच. मूल पडलं, ह्यांची बदली झाली, सगळ्याचा संबंध तिथेच जोडला जातो. मग राग, आणि तो आधी स्वतःवरच, कारण मनात येतं, 'मी एवढी शिकलेली, मला कळलं कसं नाही?' आणि या सगळ्याच्या तळाशी, कबूल करायला लाज वाटावी अशी, आठवण असते. त्या माणसाने नाव घेऊन हाक मारली तेव्हा किती बरं वाटलं होतं, त्याची.

या आठवणीला घाबरू नका. संसारात आपलं ऐकून घेणारं माणूस किती बायकांना असतं? घरात सगळे "चहा झाला का?" एवढंच विचारतात. अशा वेळी "बाळ, तू दमलीस" म्हणणारं कुणी भेटलं तर जीव तिथे जडणारच. ते प्रेम तुमचं होतं, तुम्ही दिलेलं होतं. जागा चुकली असेल, पण प्रेम खोटं नव्हतं. म्हणून रडू येतं. ते सुतक असतं. घरातलं माणूस गेल्यावर आपण दहा दिवस तरी मानतोच ना? मग इथे स्वतःला एक दिवसही का देऊ नये?

थकवा की धोका?

आपण नुसतं थकून पळालो की धोक्यातून सुटलो, हे कसं ओळखायचं? स्वतःला चार प्रश्न विचारून बघा.

तिथे "नाही" म्हणता येत होतं का? तिथलं काही नवऱ्यापासून, आईपासून लपवायला सांगितलं जात होतं का? औषध, मुलांचं शिक्षण, पैसा यांत हात घातला जात होता का? आणि सोडून गेल्यास वाईट होईल असं सांगितलं जात होतं का?

पहिल्याचं उत्तर "हो" आणि बाकीच्या तिन्हींचं "नाही" असेल, तर तो थकवा. विश्रांती घ्या. पुढे मन झालं तर साकोरीइतक्या अंतरावरून पुन्हा नातं जोडता येईल. पण एकाही प्रश्नाचं उत्तर उलटं आलं, तर निघालात ते योग्यच केलंत. परतीचा विचारही नको.

कायद्याचंही थोडं ठाऊक असू द्या. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी महाराष्ट्रात आला. देवाधर्माच्या पूजेअर्चेला, वारीला, कीर्तनाला त्यात मनाई नाही. पण चमत्कार दाखवून पैसे उकळणं, अंगात दैवी शक्ती आहे असं भासवून किंवा "तू गेल्या जन्मीची माझी पत्नी" असं सांगून स्त्रीशी संबंध ठेवणं, हा त्या कायद्याने गुन्हा आहे. तसं काही घडलं असेल तर मनात कुढत बसू नका. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे, पोलिसांसाठी ११२.

घरात कसं वागावं?

आता रोजच्या व्यवहारातल्या चार गोष्टी. अनुभवाच्या आहेत.

फोटो, माळ, पोथी रागाच्या भरात फेकू नका, नदीत सोडू नका. स्वच्छ फडक्यात गुंडाळून कपाटात वर ठेवा. वर्षाने काय ते ठरवा. तेव्हा मन शांत असेल.

पहाटेची जाग मोडायला जाऊ नका. सवय आहे ती. त्या वेळेला दुसरं काहीतरी द्या. कुलदेवतेचं नाव घ्या, अंगणात फेऱ्या घाला, नाहीतर नुसता गरम चहा घेऊन बसा. देव कुणा एकाच्या दारात बांधलेला नाही.

गुरुवार मोकळा ठेवू नका. त्या दिवशी मुद्दाम कुणाकडे तरी जा, किंवा कुणाला तरी बोलवा.

सासूबाई किंवा घरातलं आणखी कुणी अजून त्याच मंडळात असेल, तर त्यांच्याशी वाद घालू नका. "तुमची श्रद्धा तुमच्यापाशी, मला आता जमत नाही," एवढं एकदाच, शांतपणे सांगा. दर वेळी खुलासा करत बसलं की पुन्हा पाय गुंततो.

नवऱ्याला मात्र सगळं सांगा. पैसे दिले असतील तर तेही. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेलं बरं.

आणि झोप उडाली, जेवण तुटलं, जीव नकोसा वाटू लागला, तर डॉक्टरांना दाखवा. १४४१६ या सरकारी क्रमांकावर मनाच्या दुखण्यावर फोनवरून मोफत सल्ला मिळतो, मराठीतही. त्यात कमीपणा कसला? श्वास अडला तेव्हा स्वतः वैद्य असलेले उपासनीही दारोदार उपाय शोधत फिरलेच की!

कपाटातला फोटो

त्या संध्याकाळी मी तिला एवढं सगळं काही सांगू शकले नाही. एवढंच म्हटलं, "पाप नाही लागत. इथे ठेवून जा. मागशील तेव्हा देईन."

माझ्या कपाटात, जुन्या लुगड्यांच्या घडीखाली तो फोटो अजून आहे. दिवाळीच्या आधी ती आली, चकलीची भाजणी कशी करतात विचारायला. गुरुवारच होता. सोबत धाकटी होती, माझ्या घरभर धुडगूस घालत होती. भाजणीचं माप लिहून घेऊन झालं, जायला उठली, आणि उंबऱ्यात थबकली. मला वाटलं, आता फोटो मागणार.

"काकू," ती म्हणाली, "हल्ली जाग साडेपाचला येते."

आणि मुलीचा हात धरून, जरा घाईनेच, निघाली. घरी धान्य भाजायचं होतं.